निवताना तुटणारे कवच

जेट विमानाच्या इंजिनात ज्वलनकक्षातून सुटणाऱ्या वायूंचे तापमान १५०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते. त्या झोतात फिरणारी टर्बाइनची पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात आणि हा धातू साधारण १३०० ते १३५० अंशांच्या आसपास वितळू लागतो. पात्यांच्या पोटातून खेळवलेली हवा आणि वर चढवलेले झिर्कोनियाचे सिरॅमिक कवच, या दोहोंमुळे ती टिकतात. कवचाची जाडी असते मिलिमीटरचा एक ते तीन दशांश एवढीच. त्याचा घात मात्र उष्णतेपेक्षा निवण्याच्या क्षणी अधिक संभवतो.

याचे कारण अवशिष्ट ताण, म्हणजे बाहेरून कोणताही भार नसताना पदार्थात कोंडून राहिलेला ताण. चिनी मातीच्या जुन्या कपाच्या चकाकीवर बारीक चिरांचे जाळे दिसते, ते याच ताणाचे काम. तापमान एका अंशाने वाढले की हा मिश्रधातू दहा लाखांत १४ ते १६ भाग प्रसरण पावतो. झिर्कोनिया मात्र १० ते ११ भागच. इंजिन बंद होताच धातू जास्त आक्रसतो आणि त्याला चिकटलेले कवच दाबले जाते.

खरी मेख या दोहोंच्या मधल्या थरात आहे. कवच धातूवर धरून ठेवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमयुक्त बंधक थर देतात. झिर्कोनियातून ऑक्सिजन सहज पार होतो आणि त्या थरावर अ‍ॅल्युमिनाचा काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा धरतो. तो धातूला गंजापासून वाचवतो. पण त्याचे प्रसरण ८ ते ९ भागच असल्याने ११०० अंशांवरून निवताना त्यात तीन गिगापास्कल किंवा त्याहून अधिक दाब साठतो. हा हवेच्या दाबाच्या सुमारे तीस हजार पट झाला! पापुद्रा जाड होत जातो, त्याच्या पृष्ठालगत चिरा पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि भिंतीच्या रंगासारखा कवचाचा पोपडा सुटतो. म्हणूनच एकूण उड्डाणतासांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व इंजिन किती वेळा तापले-निवले याला असते.

हा ताण मोजण्याची युक्ती सुरेख आहे. अ‍ॅल्युमिनात क्रोमियमचा अंश असतोच; माणकाचा लाल रंगही त्याचाच. कवचावर लेसर टाकला की खालचा पापुद्रा लाल प्रकाश देतो आणि त्या प्रकाशाची तरंगलांबी किती सरकली यावरून दाब कळतो. पाते तोडावे लागत नाही.

उपाय म्हणून कवच मुद्दामच सलग ठेवत नाहीत. इलेक्ट्रॉन झोताने झिर्कोनियाची वाफ करून ते उभ्या, सुट्या स्तंभांच्या रूपात चढवतात. स्तंभांमधील फटींमुळे त्याला धातूबरोबर हलता येते. पण इंजिनात शिरलेली वाळू वा ज्वालामुखीची राख सुमारे १२०० अंशांना वितळून याच फटींत भरते आणि निवल्यावर कवच ताठर होते.

प्रयोगशाळांतील एक अनुभव तर चकवणारा आहे. भट्टीतून धडधाकट बाहेर आलेल्या नमुन्याचे कवच काही तासांनी वा दिवसांनी टेबलावर पडल्यापडल्या सुटते. साठलेल्या ताणाला हवेतील दमटपणाची साथ मिळते, एवढेच पुरते.