नादारी, शिष्यवृत्ती आणि मधले घर

आपल्याकडील शाळांत पूर्वी दोन शब्द निरनिराळे होते. गरिबाची फी माफ होई ती नादारी, आणि गुणांबद्दल मिळे ती शिष्यवृत्ती. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यास बापाची मिळकत कोणी विचारीत नसे. हे दोन हेतू एकमेकांत मिसळले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील कॉलेजांचा इतिहास चाळावा.

१६४३ साली लेडी ॲन मौल्सन ह्या लंडनच्या विधवा बाईंनी हार्वर्ड कॉलेजास १०० पौंड दिले, ते गरीब विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी. पुढे अशा देणग्या वाढल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र हुशार मुले आपल्याकडे ओढण्यासाठी कॉलेजांत चढाओढ लागली. तेव्हा हार्वर्डचे जॉन मन्रो ह्यांनी ऐपत मोजण्याचे गणित बसविले आणि १९५४ मध्ये त्यासाठी कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस निघाली. उत्पन्न, कर व मुलांची संख्या पाहून घराने किती भरावे ते ठरवावयाचे. कॉलेजच्या खर्चातून ते वजा जाता उरेल ती गरज. १९५८ पासून आयव्ही लीगची विद्यापीठे व एमआयटी एकत्र बसून हे आकडे जुळवू लागली. नुसत्या हुशारीसाठी सूट द्यावयाची नाही, असा त्यांचा करार होता.

ह्यात अडकले ते मधले घर. मिळकत बरी, म्हणून नादारी नाही. पण सारी फी भरावी एवढी शिल्लकही नाही. त्या घराची तक्रार खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. कागदावरचे उत्पन्न आणि हातातला पैसा ह्यांत अंतर असतेच.

१९९१ साली सरकारने ह्या संस्थांवर खटला भरला. आकडे जुळविणे म्हणजे संगनमताने भाव ठरविणे होय, असा आरोप होता. आयव्ही लीगने लगेच तडजोड केली. एमआयटी लढली आणि १९९३ अखेर तिचाही समेट झाला. १९९४ च्या कायद्याने दिलेली मर्यादित मोकळीक २०२२ मध्ये संपली.

त्याच १९९३ साली जॉर्जिया राज्याने लॉटरीच्या उत्पन्नातून होप शिष्यवृत्ती काढली. आरंभी घरच्या उत्पन्नाची मर्यादा ६६,००० डॉलर होती. पुढल्या वर्षी ती १,००,००० झाली आणि १९९५ मध्ये उठलीच. मधले घर सुखावले. परंतु उघडलेल्या दारातून श्रीमंतही आत आला, आणि लॉटरीची तिकिटे घेणाऱ्यांत गरीबही होतेच. इतरत्र अनेक खाजगी कॉलेजे गुणवत्तेच्या नावाखाली फी कमी करतात. ती पुष्कळदा ऐपतदार गिऱ्हाईक वळविण्याची सूट असते.

गुणांचा गौरव व्हावा, ह्याबद्दल आमचा वाद नाही. तथापि मधल्या घरावर अन्याय होत असेल तर मोजण्याचे माप सुधारावे. मापच टाकून दिले तर त्याची किंमत अखेर ज्याला नादारीवाचून शिकताच येत नाही त्या मुलाने मोजावी लागते. आणि लेडी मौल्सननी पैसे दिले होते ते त्याच्यासाठी.