बंदुकीची नोंद : संशय कीं विश्वास?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील सिहोरा हें गांव धानाच्या मुलखांतलें. धान लोंबीस आलें, कीं अशा मुलखांतल्या शेतकऱ्याच्या रात्री बांधावर जातात. कारण रानडुकरांचा एक कळप उभ्या पिकाची एका रात्रींत माती करूं शकतो. त्या शेतकऱ्याच्या हातीं ठासणीची बंदूक असावी काय, आणि असल्यास ती कोणाच्या दप्तरांत व कोणत्या अटींवर नोंदलेली असावी, हा प्रश्न वरवर पाहतां लहान. परंतु त्याच्या पोटांत जवळजवळ दीडशें वर्षांचा वाद सांठलेला आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सत्तेनें प्रजेला निःशस्त्र करण्याचें धोरण धरिलें. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत, १८७८ सालीं, त्या धोरणाला कायद्याचें पूर्ण रूप आलें. परवान्याशिवाय बंदूकच काय, तलवारही बाळगण्यास बंदी झाली. गोऱ्या लोकांस मात्र त्यांतून सूट होती. म्हणजे नोंद होती, पण ती एकतर्फी होती. हिंदी माणसाचें नांव सरकारच्या वहींत चढे; परवाना नाकारणाऱ्या अधिकाऱ्यास मात्र कोणी जाब विचारूं शकत नसे. हा पंक्तिप्रपंच लोकांस फार झोंबला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनांत राष्ट्रीय सभेनें या कायद्यांत पालट मागितला. १९३१ च्या कराची अधिवेशनांत तर, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणें हा नागरिकाचा हक्क म्हणून जाहीर केला.

स्वातंत्र्यानंतर हें वचन घटना समितीच्या दारांत उभें राहिलें. डिसेंबर १९४८ मध्यें हरि विष्णु कामत यांनीं शस्त्राचा हक्क घटनेंत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत हे मध्यप्रांत व वऱ्हाडाचे, म्हणजे ज्या प्रांतांत त्या वेळीं सिहोरा होतें त्याचेच, प्रतिनिधि. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं दुरुस्ती स्वीकारली नाहीं. देशासाठीं शस्त्र धरणें हें नागरिकाचें कर्तव्य म्हणतां येईल. पण चोर-दरोडेखोरासही ज्याचा आधार घेतां येईल असा मूलभूत हक्क देणें राज्याच्या हिताचें काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

हक्क नाकारला गेला, तरी जुना अन्याय तसाच ठेवून चालणार नव्हतें. १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. ओळखखूण नसलेली बंदूक विकणें आणि बंदुकीवरील क्रमांक खोडणें, या दोहोंस त्यानें मनाई केली. परंतु दुसऱ्या पारड्यांतही त्यानें वजन टाकलें. परवाना नाकारल्यास कारणें लेखी नोंदलीं पाहिजेत. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच सबबीवर नकार देतां येत नाहीं. आणि अपिलाची वाट मोकळी आहे. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची तरतूदही त्यांतच आहे.

तरीही वाद मिटला नाहीं. नोंदीचे कैवारी म्हणतात, चोरीस गेलेल्या बंदुकीचा माग क्रमांकावरूनच लागतो. विरोधक विचारतात, वहींत नांव लिहावयास दरोडेखोर कधीं येतो काय? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. २०१९ सालीं संसदेपुढें आलेल्या विधेयकांत माणशीं तीन बंदुकांची मर्यादा एकावर आणण्याचें योजिलें होतें. आक्षेप आल्यावर ती दोनवर ठरली. त्याच वेळीं कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंत प्रत्येक शस्त्राचा माग ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकारही सरकारनें घेतला.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष एकच निघतो. नोंद ही स्वतः जुलूम नव्हे. एकतर्फी नोंद हा जुलूम होय. १८७८ च्या वहींत फक्त प्रजा उत्तरदायी होती, १९५९ च्या वहींत अधिकारीही उत्तरदायी झाला. मात्र ही समता कागदावरून बांधावर उतरली पाहिजे. धानाच्या बांधावर जागणाऱ्या शेतकऱ्याच्या अर्जावर जेव्हां वेळेवर होकार किंवा सकारण नकार मिळतो, तेव्हांच त्याच्या बंदुकीवरचा क्रमांक संशयाचा डाग न राहतां विश्वासाची खूण ठरतो.