बर्फाच्या पोटातले थर

आज सुरुवात एका जुन्या कागदापासून करू या. साल १३९७. स्वित्झर्लंडमधलं आंडरमाट हे गाव. गावाच्या डोक्यावरच्या उतारावर जे रान आहे, त्यातलं लाकूड कुणीही तोडायचं नाही, असा लेखी निर्बंध तिथे घातला गेला. आपल्याला लगेच देवराई आठवते. पण इथे धाक देवाच्या कोपाचा नव्हता, बर्फाचा होता. रान गेलं तर हिवाळ्यात डोंगर थेट घरावर येणार, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानं कळलेलं होतं.

या अनुभवाची नीट नोंद व्हायला पुढे जवळजवळ पाचशे वर्षं लागली. योहान कोआझ नावाच्या वन अधिकाऱ्यानं १८८१ मध्ये स्विस आल्प्समधल्या हिमस्खलनांवर ग्रंथ लिहिला. बर्फ कुठून सुटतो, कुठल्या वाटेनं येतो, कुठे थांबतो, हे त्यात आलं. पण तो का सुटतो? ते कोडं शिल्लकच होतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. मार्मोलाडा पर्वतावर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याची एक छावणी होती. जागा धोक्याची आहे, छावणी हलवू द्या, अशी विनंती तिथल्या कॅप्टननं वरिष्ठांकडे केली. ती मानली गेली नाही. १३ डिसेंबर १९१६ च्या पहाटे डोंगर सुटला आणि दोनशेहून अधिक सैनिक गाडले गेले. म्हणजे बघा, धोका दिसत होता, सांगितलाही होता. पण ज्याला दिसत होता, त्याच्या हातात निर्णय नव्हता.

१९३६ मध्ये दावोसजवळ वाइसफ्लूयोख इथे, सुमारे २,६६० मीटर उंचीवर, शास्त्रज्ञ बर्फाच्या एका प्रयोगशाळेत कामाला लागले. त्यांनी बर्फ उभा कापला आणि त्याचे थर वाचायला घेतले. काय दिसलं? डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा थर वेगळा, आणि पडून राहिला तरी तो आतून बदलत असतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास असतं, वरचा पृष्ठभाग मात्र फार गार. या फरकामुळे खालची वाफ वर सरकते, पुन्हा गोठते, आणि एकमेकांना न चिकटणारे, जाड्या साखरेसारखे कण तयार होतात. पुस्तकांच्या चळतीत मधेच मोहरी सांडावी, तसं हे. चळत तिरकी झाली की वरची पुस्तकं घसरणारच.

आता गंमत पाहा. बर्फाचा थर पातळ असेल, तर तेवढाच तापमानाचा फरक कमी जाडीत मावतो, म्हणून हे कण अधिक जोमानं वाढतात. म्हणजे ‘यंदा बर्फ कमी आहे, काळजी नाही’ हा हिशेब चुकीचा ठरू शकतो!

१९५०-५१ च्या हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसं गेली. त्यानंतर उतारांवर अडसर उभे राहिले, धोक्याच्या पट्ट्यांचे नकाशे झाले, कुठे घर बांधायचं नाही हे ठरलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये पुन्हा तसाच प्रचंड बर्फ पडला. तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या वस्त्यांत आणि रस्त्यांवर १७ बळी गेले. दुःख आहेच, पण फरकही मोठा आहे.

मग आज माणसं मरतात कुठे? बहुतेक गावात नाही, मोकळ्या डोंगरात. आणि तिथे जीवघेणं स्खलन बहुतेक वेळा त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनानं सुटतं. युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी आहे. त्यात तिसऱ्या पायरीलाच पुष्कळ बळी जातात. चौथीला लोक घरी बसतात. तिसरीला म्हणतात, ‘एवढं काय, जाऊन येऊ.’ गाडल्या गेलेल्याला वाचवायला पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी. बाहेरची मदत एवढ्यात क्वचितच पोहोचते.

आपल्या देशातही मनालीला १९६९ मध्ये हिमस्खलनाच्या अभ्यासाची लष्करी संस्था सुरू झाली. आज आपल्याकडून कितीतरी तरुण हिवाळ्यात हिमालयात जातात. त्यांना एवढंच सांगेन: मार्मोलाडाच्या त्या कॅप्टनला मागे फिरायची परवानगी नव्हती. तुम्हाला ती कुणाकडे मागायचीच नाहीये.