‘ग्रेप’ नेमकी कधी आली?

युनिक्स या संगणक प्रणालीत प्रत्येक आज्ञेचे एक माहितीपान असते. आज्ञा काय करते, कशी वापरायची, तिच्यात कोणते दोष आहेत, हे सारे त्यात असते. बीएसडी घराण्यातल्या प्रणालींत शेवटी ‘इतिहास’ म्हणून एक-दोन ओळीही येतात. पुढचे लेखक हवाला म्हणून याच ओळी उचलतात, त्यामुळे त्यांतली चूकही पुढे जाते.

‘ग्रेप’चेच घ्या. मजकुरातून हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधून देणारी ही आज्ञा. ती युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत प्रथम आली, असे फ्रीबीएसडीच्या माहितीपानावर लिहिलेले होते. सहावी आवृत्ती 1975 ची. पण बेल लॅब्जच्या मार्गदर्शिकेच्या चौथ्या आवृत्तीत, नोव्हेंबर 1973 मध्येच, ग्रेपचे पान आहे.

कोणी खोटे लिहिले नव्हते. बेल लॅब्जबाहेर, विद्यापीठांत मोठ्या प्रमाणावर पोचली ती सहावी आवृत्ती. ज्यांनी युनिक्स तिथून पाहिले, त्यांना तिच्यातले सगळेच त्या वर्षीचे वाटले असणार. आपल्या दारात प्रथम आले ते जगात प्रथम आले, ही समजूत भाषेच्या इतिहासातही रोज भेटते. उर्दूचा एखादा शब्द ज्या जुन्या दिवाणात सापडतो, त्याच शायराने तो घडवला असे विद्यार्थी बेधडक लिहितात!

दुरुस्ती शक्य झाली ती जुने कागद जपले गेले म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या वॉरन टूमी यांनी 1990 च्या दशकात जुन्या युनिक्सच्या प्रती गोळा करायला सुरुवात केली. जानेवारी 2002 मध्ये कॅल्डेरा कंपनीने जुन्या आवृत्त्यांचा परवाना खुला केला. 3 नोव्हेंबर 1971 ची पहिली मार्गदर्शिका आज कोणीही वाचू शकतो. तिच्यात आज्ञेची जबाबदारी कोणाची, तेही नोंदवलेले आहे: ‘केन’ म्हणजे केन थॉम्प्सन, ‘डीएमआर’ म्हणजे डेनिस रिची.

मात्र ‘सहावी’ खोडून ‘चौथी’ लिहिले की काम संपत नाही. या आवृत्त्या मुळात मार्गदर्शिकेच्या. प्रणाली तर सतत बदलत होती. थॉम्प्सन यांच्याकडे ग्रेप स्वतःच्या वापरासाठी आधीपासूनच होती, असे त्यांनीच सांगितले आहे. तेव्हा ‘ग्रेप 1973 मध्ये तयार झाली’ असे लिहिले तर जुन्या चुकीच्या जागी नवी बसते. लिहायचे ते एवढेच: चौथ्या मार्गदर्शिकेत प्रथम नोंद.