देसाईगंज प्रकरण : रोजच्या भाषेतील लिंगभेद आणि त्याचा प्रतिवाद (१९७२–२०२३)

प्रस्तावना

'टाळी एका हाताने वाजत नाही' ही म्हण चावडीवर, एस.टी. स्थानकावर आणि क्वचित महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षातही ऐकू येते. एखाद्या मुलीविषयी तक्रार, कुजबुज वा अफवा असली की ही म्हण निवाड्यासारखी उच्चारली जाते आणि पुढील चौकशीची गरज संपते. 'बाईची अब्रू म्हणजे काचेचे भांडे' हे दुसरे वाक्य तिच्या मागोमाग येते. दैनंदिन जीवनातील लिंगभेद हा बहुधा अशा वाक्यांतूनच वावरत असतो. तो मारहाणीसारखा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची गणना किरकोळ बाबींत होते. ही बाब खरोखरच किरकोळ आहे काय, हे तपासण्यासाठी चंद्रपूर जिल्ह्याच्या इतिहासातील एका खटल्याकडे वळणे आवश्यक ठरते.

इ.स. १९७२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झाला. तत्पूर्वी नैर्ऋत्येकडील राजुरा-कोरपना परिसर आणि वैनगंगेकाठचे देसाईगंज ही गावे एकाच जिल्ह्यात मोडत होती. राजुरा तालुका १९५६ पर्यंत निजामाच्या जुन्या मुलखातील आदिलाबाद जिल्ह्यात होता, पुढे काही काळ नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. कोरपना त्याच तालुक्यातले एक गाव होते. देसाईगंज, म्हणजेच वडसा, आज झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र म्हणून सर्वांस परिचित आहे. भारतातील स्त्रीविषयक फौजदारी कायद्याला कलाटणी देणारा खटला याच गावच्या पोलीस ठाण्यातून सुरू झाला, याचे स्मरण मात्र फारसे आढळत नाही.

हा खटला कायद्याच्या ग्रंथांत 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने नोंदला गेला आहे, तर चळवळीच्या इतिहासात तो पीडित मुलीच्या नावाने ओळखला जातो. तिचे नाव येथे हेतुतः दिलेले नाही. पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करणारी तरतूद ज्या दुरुस्तीने आली, ती दुरुस्तीच या खटल्याची परिणती होय.

घटना

ती एक अनाथ आदिवासी मुलगी होती. भाऊ मजुरी करी. तीही लोकांच्या घरी कामास जाई. काम करीत असलेल्या घरातील एका नातलग तरुणाशी तिचे सूत जुळले आणि दोघांनी विवाहाचे ठरविले. भावाला हे मान्य नव्हते. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार त्याने पोलिसांत दिली. २६ मार्च १९७२ रोजी रात्री सर्वांना ठाण्यात बोलावून जबाब नोंदविण्यात आले. जबाब घेणारा हेड कॉन्स्टेबल निघून गेल्यावर इतरांना बाहेर जाण्यास सांगितले गेले व मुलीला आत थांबविण्यात आले. त्यानंतर ठाण्याच्या आवारात एका कॉन्स्टेबलने तिच्यावर बलात्कार केला आणि मद्यधुंद अवस्थेतील दुसऱ्या हेड कॉन्स्टेबलने तिचा विनयभंग केला, अशी तिची तक्रार होती. बाहेर थांबलेल्या नातलगांना दिवे गेलेले व दार बंद झालेले दिसले. हाका मारल्या गेल्या, लोक जमले, जमाव संतप्त झाला. या जमावाच्या दबावामुळेच तक्रार नोंदली गेली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. गावातील सामान्य माणसांनी त्या रात्री तिच्यावर विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणी झाली. अंगावर जखमा नव्हत्या. वय १४ ते १६ च्या दरम्यान असावे, असे मत देण्यात आले. शिवाय त्या काळी रूढ असलेल्या 'दोन बोटांच्या चाचणी'चा निष्कर्षही अहवालात आला. खटल्याचे पुढील सारे वळण या शेवटच्या नोंदीने ठरविले.

निकालपत्रांची भाषा

चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी दोन्ही आरोपींना निर्दोष ठरविले. मुलगी धक्कादायक खोटे बोलणारी आहे, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. तिला शरीरसंबंधाची सवय होती, असे वैद्यकीय नोंदीवरून गृहीत धरले गेले. शरीरसंबंध घडला असेल, परंतु संबंध आणि बलात्कार यांत महदंतर आहे, असा युक्तिवाद झाला. आपल्या प्रियकरासमोर सोज्ज्वळ दिसावे म्हणून तिने बलात्काराचा आरोप केला असावा, असा तर्कही मांडण्यात आला.

येथे थोडे थांबणे इष्ट ठरेल. हा तर्क कोणत्याही पुराव्यातून आलेला नव्हता. साक्षीदारांपैकी कोणीही तसे सांगितले नव्हते. 'बाई अडचणीत आली की कांगावा करते' हे गावोगावी बोलले जाणारे वाक्य न्यायालयीन इंग्रजीत उतरले, एवढेच. वैद्यकीय नोंदीचा अर्थही याच रीतीने लावला गेला. भांड्याला एकदा तडा गेला की ते पुढे कोणी फोडले याची चौकशी कशाला, ही ती रीत.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निर्णय फिरविला. कॉन्स्टेबलला पाच वर्षे सक्तमजुरी आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाचे विवेचन आजही अभ्यासण्याजोगे आहे. भीतीपोटी असहायपणे झालेली शरणागती आणि स्वेच्छेने दिलेली संमती यांत फरक असतो, हे त्यात स्पष्टपणे मांडले गेले. ठाण्यात रात्री, गणवेशधारी अनोळखी पुरुषांसमोर उभी असलेली, जिच्या भावानेच तक्रार केली आहे अशी मुलगी, हे चित्र त्या न्यायमूर्तींनी डोळ्यांसमोर ठेवले होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी हे चित्र पुसून टाकले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकाराची हकीकत खोटी. नातलगांच्या देखत तिला हाताला धरून नेले तेव्हा ती ओरडली नाही, म्हणजे तिला भीती नव्हती. तेव्हा आरोपी निर्दोष. वयाचा मुद्दा आश्चर्यकारक आहे. सोळा वर्षांखालील मुलीची संमती त्या वेळच्या कायद्यानुसारही निरर्थक होती. वैद्यकीय मत १४ ते १६ असे असताना सारा खटला मात्र संमतीभोवतीच फिरत राहिला. ती 'सवयीची' ठरल्यावर तिचे बालपण कोणाच्या लक्षात आले नसावे.

चौघांचे पत्र

हा निकाल वर्षभर जवळपास दुर्लक्षित राहिला. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा विधी-अभ्यासकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून खुले पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर अशा रीतीने जाहीर टीका करणे तेव्हा रूढ नव्हते. पत्राचे बळ त्याच्या पद्धतीत आहे. निकालपत्रातील शब्द एकेक करून उचलून त्यांनी प्रश्न विचारले. संमती आणि शरणागती यांतील भेद न्यायालयाने का ओलांडला? मुलीला रात्री ठाण्यात बोलावून थांबविणाऱ्या पोलिसांविषयी निषेधाचा एक शब्दही का नाही? विवाहपूर्व संबंधांविषयीचा सामाजिक निषेध इतका प्रबळ आहे काय, की त्यामुळे पोलिसांना मोकळीक मिळावी?

अध्यापकांनी हे पत्र एखाद्या उत्तम वर्गपाठाप्रमाणे वाचावे असे आहे. त्यातील प्रतिवाद घोषणेच्या स्वरूपाचा नाही. गृहीतकाला गृहीतक म्हणून दाखविणे, एवढेच त्याने केले. या पद्धतीला महाराष्ट्रात पूर्वपरंपराही आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर ताशेरे ओढले गेले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून स्त्रियांवरचा एकेक आरोप पुरुषांना लावून पाहिला. दोन्ही प्रसंगांत निमित्त खटल्याचे होते आणि लक्ष्य भाषा होती.

पत्रानंतर १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला. त्याच वर्षी ८ मार्चला देशातील अनेक शहरांत निदर्शने होऊन खटल्याच्या फेरविचाराची मागणी झाली. नागपुरात डॉ. सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचारविरोधी परिषदेच्या माध्यमातून हा प्रश्न लावून धरला. पुढे १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने गावोगावी नेले. वक्त्याला व्यासपीठावर जे पटवून देता येत नाही, ते चौकातल्या नाटकाला साधते, याचा अनुभव त्याने दिला.

कायदा आणि पाठ्यपुस्तक

१९८३ च्या दुरुस्तीने पोलीस कोठडी व तत्सम ताब्यातील बलात्काराला स्वतंत्र व कठोर शिक्षा आली. अशा प्रकरणी शरीरसंबंध सिद्ध झाल्यास आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने ते खरे मानावे, असे गृहीतक पुरावा कायद्यात कलम ११४-अ द्वारे दाखल झाले. सुनावणी बंद दालनात होऊ लागली. परंतु फिर्यादी स्त्री 'सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची' असल्याचे दाखवून तिची साक्ष खोडण्याची मुभा त्याच कायद्यात तशीच राहिली. ती २००२ च्या दुरुस्ती कायद्याने गेली. म्हणजे देसाईगंजच्या मुलीला ज्या अस्त्राने घायाळ केले, ते अस्त्र त्यानंतर तीन दशके कायदेशीर होते. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे वाक्य कायद्यात येण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

'दोन बोटांच्या चाचणी'चा प्रवास याहून बोलका आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१३ मध्ये स्त्रीच्या खाजगीपणाचा भंग करणारी ठरविली. तरीही ती चालूच राहिल्याने २०२२ मध्ये ती करणाऱ्यास गैरवर्तनाबद्दल दोषी धरण्याचा इशारा द्यावा लागला. असे का व्हावे? कारण ती पाठ्यपुस्तकात होती. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यकशास्त्राचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हे नेमके ओळखले. कौमार्याच्या तथाकथित लक्षणांना शास्त्रीय आधार नाही, असा अहवाल त्यांनी सादर केला आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून वगळला. अभ्यास मंडळाच्या बैठका नीरस असतात, याविषयी प्राध्यापकवर्गात दुमत नसावे. पण पूर्वग्रह तेथे शिरतो आणि तेथूनच बाहेरही काढता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगविषयक साचेबद्ध कल्पनांविरुद्ध मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात टाळावयाच्या शब्दांची यादी आहे. चौघांच्या पत्राला मिळालेले हे उत्तर म्हणता येईल. त्याला ४४ वर्षे लागली.

महाविद्यालयांत अंतर्गत तक्रार समित्या आज कायद्याने बंधनकारक आहेत. त्यांच्यासमोर येणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न 'तू तेथे गेलीसच कशाला?' असा विचारला जात असेल, तर १९७४ चे निकालपत्र तेथे नव्याने लिहिले जात असते. समारंभात स्वागताला मुली आणि नियोजनाला मुले, वसतिगृहाच्या वेळा मुलींसाठी वेगळ्या, 'मुलगी असूनही गणितात हुशार' हे कौतुक, या गोष्टी त्या प्रश्नाची पूर्वतयारी करून ठेवतात. त्यांना हरकत घेणाऱ्यावर क्षुल्लक गोष्टीचा बाऊ केल्याचा ठपका येतो. वसुधा धागमवार प्रभृतींवर न्यायसंस्थेच्या अवमानाचा ठपका येऊ शकत होता. त्या मानाने प्राध्यापक-कक्षातील नाराजी सोसण्याजोगी आहे.

सुरुवातीचा प्रश्न

या खटल्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्यात ठाण्यातील रात्रीची चर्चा झाली, त्या दिवसाच्या सकाळची क्वचितच. ती मुलगी ठाण्यात पोहोचली कशी? तिने आपला जोडीदार स्वतः निवडला आणि भावाने त्याला 'पळवून नेणे' हे नाव दिले. तिचे वय कोवळे होते आणि भावाची काळजी खोटी नसेल. तथापि तक्रारीच्या कागदावर तिची इच्छा कोठेच नव्हती. तिला कोणी तरी नेले होते, एवढेच त्यात होते. दोन वर्षांनी न्यायालयाने मात्र तिच्या ठायी इच्छेखेरीज दुसरे काही पाहिले नाही. विवाहाच्या वेळी जिला मत नव्हते, तिला ठाण्याच्या अंधारात संमती असल्याचे ठरले.

खटल्याच्या फेरविचाराची मागणी फलद्रूप झाली नाही. १९८३ ची दुरुस्ती पूर्वलक्षी नव्हती. दोन्ही आरोपींची सुटका कायम राहिली आणि ती मुलगी कायद्याच्या लेखी आजही खोटे बोलणारी आहे.