कोरडी दंतखाच

दात काढल्यावर जबड्याच्या हाडात उरलेल्या खाचेतील रक्ताची गुठळी वेळेआधी विरघळली किंवा निखळली, म्हणजे खाचेच्या भिंतींचे हाड उघडे पडून तेथे तीव्र वेदना सुरू होतात. या अवस्थेस कोरडी दंतखाच म्हणतात. दवाखान्यांत रूढ असलेले ‘ड्राय सॉकेट’ हे नाव अमेरिकी दंतवैद्य क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये प्रथम वापरले. साध्या दंतोत्पाटनानंतर ही गुंतागुंत शेकडा १ ते ५ रुग्णांत आढळते; खालच्या जबड्यातील अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढल्यावर मात्र हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते.

लक्षणे : नेहमीची वेदना पहिल्या दोन दिवसांनंतर ओसरू लागते, तर येथे ती पहिल्या ते तिसऱ्या दिवसाच्या सुमारास नव्याने उसळते, कान व कानशिलापर्यंत पसरते आणि साध्या वेदनाशामकांना फारशी दाद देत नाही. तोंडाला दुर्गंधी येते व चव बिघडते. खाच रिकामी किंवा करड्या अवशेषांनी भरलेली दिसते, परंतु पू, ताप आणि गालावरील सूज सहसा नसते. ती असल्यास जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा लागतो.

कारणे : गुठळीला धरून ठेवणारे फायब्रिन या प्रथिनाचे जाळे प्लाझ्मिन या विकराच्या क्रियेने अकाली विरघळते, असे मत डेन्मार्कमधील बर्न यांनी मांडले असून ते बऱ्याच अंशी मान्य आहे. हाडाला झालेली इजा आणि तोंडातील जंतू या क्रियेस चालना देतात. अवघड उत्पाटन, दाताभोवती आधीपासून असलेला संसर्ग, धूम्रपान आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे धोका वाढतो.

उपचार : दंतवैद्य कोमट क्षारद्रावाने खाच हळुवार धुतात आणि तीत औषधी पट्टी ठेवतात, तीत बहुधा लवंगेच्या तेलातील मुख्य घटक युजेनॉल असल्याने वेदना लवकर शमतात. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल प्रकृतीचा विचार करून दिले जाते. ही अवस्था मूलतः संसर्गजन्य नसल्याने, संसर्गाची चिन्हे नसताना प्रतिजैविके देण्याचे कारण नसते. खाच तळापासून नव्या ऊतकाने भरत येते आणि वेदना साधारणतः ७ ते १० दिवसांत थांबते.

प्रतिबंध : पहिले २४ तास जोराने चूळ भरणे, वारंवार थुंकणे व स्ट्रॉने पिणे टाळावे, त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने अलगद चुळा भराव्यात. विडी-सिगारेट काही दिवस वर्ज्य करावी आणि महाराष्ट्रात प्रचलित असलेली मशेरीही जखमेवर चोळू नये. दात काढताना क्लोरहेक्सिडीनचे द्रावण किंवा जेल वापरल्यासही धोका घटतो.

भेदनिदान : योग्य उपचारानंतरही वेदना टिकल्यास मुळाचा राहिलेला तुकडा, हाडाचा सैल कण किंवा अस्थिमज्जाशोथ, म्हणजे हाडाच्या आतील भागाचा संसर्ग, क्ष-किरण तपासणीने शोधावा लागतो. खालच्या ओठाची बधिरता जबड्यातील चेतातंतूला इजा झाल्याचे सुचवते. जखम भरूनही तीन महिन्यांहून अधिक काळ जळजळ वा विजेसारखी कळ राहिल्यास ती चेताजन्य वेदना असू शकते आणि तिच्यावर पुन्हा दात काढणे हा उपाय नसून गॅबापेंटिनसारखी औषधे दिली जातात. हाडांच्या विरळतेसाठी बिस्फॉस्फोनेट औषधे घेणाऱ्यांत आठ आठवड्यांनंतरही हाड उघडे असेल, तर जबड्याच्या अस्थिमृत्यूचा विचार करतात. तंबाखू खाणाऱ्यांत न भरणाऱ्या खाचेतील ऊतकाचा नमुना कर्करोगासाठी तपासणे आवश्यक ठरते.