कोंडाण्याचा शिलालेख आणि पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकार

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे येथील बौद्ध लेणी आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच तिचा आशय. हा बलक भिक्खू होता की शिल्पी, या प्रश्नाच्या निमित्ताने पूर्वसंशोधनाचा आढावा घेण्याच्या प्रकारांची तुलना आम्ही येथे करीत आहोत.

पहिला प्रकार कथनात्मक आढाव्याचा. फर्ग्युसन व बर्जेस यांचा १८८० चा ग्रंथ, ल्यूडर्स यांची १९१२ ची ब्राह्मी लेखांची सूची, विद्या दहेजिया यांचे १९७२ चे व एस. नागराजू यांचे १९८१ चे विवेचन असा क्रम लावून मतांचा विकास सांगता येतो. अशा आढाव्याने इतिहासाला दृष्टी लाभते. परंतु निवड लेखकाच्या आवडीवर राहते. शिवाय एकच वाचन दहा ग्रंथांत पुन्हा आले, म्हणून पुरावे दहा होत नाहीत. दगडावरची ओळ एकच असते.

दुसरा व्याप्तिदर्शक आढावा. आर्क्सी व ओ'मॅली यांनी २००५ मध्ये त्याची चौकट मांडली. कोणत्या विषयावर किती व कोठे लिहिले गेले, याचा नकाशा तो काढतो. आपल्या भागात त्याची गरज विशेष आहे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये कोंडाणे शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. कारण कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता आणि त्याची माहिती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे. कुलाब्याचे रायगड हे नामांतर १९८१ चे. जुन्या सीमा ध्यानात न घेतल्यास खालापूरसंबंधीही अशीच फसगत होते, कारण तो पूर्वी कर्जतला जोडलेला महाल होता. पुस्तकात नाही म्हणून भूमीवर नाही, असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी अनुचित होय.

तिसरा पद्धतशीर आढावा. वैद्यकशास्त्रात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेने त्यास बळ दिले. प्रश्न, शोधाची ठिकाणे आणि स्वीकार-त्यागाचे निकष आधीच ठरवून जाहीर करावयाचे, हा त्याचा नियम. येथे 'अंतेवासी' हा शब्द ज्या ज्या लेखांत व ग्रंथांत येतो, ती सर्व स्थळे गोळा करावी लागतील. विनयात अंतेवासिक म्हणजे आचार्याजवळ राहणारा शिष्य. कुडा येथील दानलेखात प्रव्रजित स्त्रीच्या शिष्यांसाठीही हा शब्द आला आहे. उलट नारदस्मृतीत अंतेवासी म्हणजे शिल्प शिकणारा उमेदवार. केवळ सोयीची स्थळे वेचणाऱ्यास दोन्हींपैकी कोणताही पक्ष सिद्ध करता येईल!

चौथा प्रकार संख्यात्मक एकत्रीकरणाचा, ज्यास जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये 'मेटा-ॲनालिसिस' हे नाव दिले. परस्परांपासून स्वतंत्र अशी मोजमापे हाती असतील, तरच तो सार्थ ठरतो. विद्वानांच्या मतांची मोजदाद करून बलकाचा व्यवसाय ठरविता येणार नाही.

पुराव्यांची प्रतवारी आपल्या परंपरेस अपरिचित नाही. परंपरेने बुद्धघोषाचार्यांच्या नावे असलेल्या समन्तपासादिकेत सुत्त, सुत्तानुलोम, आचरियवाद आणि अत्तनोमति अशी उतरती श्रेणी दिली आहे. स्वतःचे मत तेथे सर्वांत दुर्बल मानले आहे. आढावा लिहिताना मूळ लेख, त्याला अनुकूल इतर लेख, पूर्वाचार्यांचे मत आणि आपला तर्क असे चार थर वेगळे ठेवावेत, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही असे सुचवितो की, प्रथम व्याप्तिदर्शक आढाव्याने क्षेत्र पाहावे, कळीच्या शब्दासाठी पद्धतशीर शोध घ्यावा आणि अखेरीस कथनात्मक मांडणी करावी. ग्रंथनामांची माळ म्हणजे आढावा नव्हे. लेख मूर्तीलगत असल्यामुळे बलक शिल्पी असावा, याकडे आमचा कल आहे. परंतु तो अत्तनोमति होय, आणि त्याच नावाने तो नोंदविला पाहिजे.